न वाजवलेली चिंच

ते चिंचेचं झाड मी वाजवून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर फार तर दहा मिनिटं गेली असती.

माझं काम झाडांचं आहे, पण मी झाडं विकत नाही आणि विकत घेतही नाही. ज्यांच्या रानात, बांधावर झाडं आहेत त्यांना मी सल्ला देतो. कुठलं झाड कधी तोडावं, कुठलं ठेवावं, विकताना लाकूड कसं मोजावं, परवानगीचे कागद कसे करावेत, व्यापाऱ्याशी काय बोलावं. वनशास्त्राची पदवी घेतली, काही वर्षं बाहेरच्या जिल्ह्यांत लागवडीच्या कामावर नोकरी केली, आणि मग केडगावला घर बांधून हे सुरू केलं. आपल्याकडे माणूस कांद्याचा, डाळिंबाचा सल्ला पैसे देऊन घेतो, झाडाचा कुणी घेत नाही. व्यापारी येतो, बांधावर उभा राहून मान वर करतो, एक आकडा बोलतो, आणि बापानं लावलेलं झाड त्या एका आकड्यात जातं. हे मला बघवत नसे. म्हणून मी गावोगाव शेतकऱ्यांच्या बैठकांत बोलायचो.

बैठकीत माझं एक वाक्य ठरलेलं होतं. "झाड डोळ्यानं विकू नका. घेर मोजा, आणि जुनं झाड असेल तर ते वाजवा." मग मी कुऱ्हाड उलटी धरून दाखवायचो. भरीव बुंध्यावर पाठीकडून ठोका मारला की आवाज आखूड येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. पोकळ असेल तर आवाज आत फिरून येतो, रिकाम्या रांजणासारखा. तरीही शंका राहिली तर सुताराच्या गिरमिटानं बारीक भोक पाडायचं आणि बाहेर येणारा भुसा चोळून बघायचा. कोरडा आणि रंगदार असेल तर लाकूड चांगलं. ओला, मऊ, मातीसारखा असेल तर आत कूज आहे. माझ्या पिशवीत गिरमिट कायम असायचं. लोकांना ते बघायला आवडायचं.

सोनईच्या एका बैठकीत बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या आसपास. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं, मीही तेच म्हणू लागलो. मी बोलत असताना त्या वहीत लिहून घेत होत्या, आणि बैठक संपल्यावर वही उघडून त्यांनी मला चार प्रश्न विचारले. चारही नेमके होते. चौथा असा होता, की साग किती जाड झाल्यावर त्याची वाढ मंदावते. एवढ्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी खूश झालो.

त्यांची चार एकर जमीन होती. नवरा वारलेला, मुलगी पुण्यात. जमीन एक वाटेकरी करायचा. बांधांवर नवऱ्यानं लावलेले चाळीसेक साग होते, विहिरीजवळ पाच-सहा कडुनिंब, आणि रस्त्याच्या कडेला त्यांच्या हद्दीत एक जुनी मोठी चिंच. बाईंनी मला बोलावलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला एकदम सगळं विकायचं नाही. काय ठेवायचं ते आधी सांगा, काय काढायचं ते मग."

पहिल्या खेपेचं माझं काम चांगलं झालं होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे लिहिताना माझ्यावर माझाच विश्वास राहणार नाही. आम्ही सकाळी सातला सुरुवात केली. टेपचं एक टोक बाईंच्या हातात, दुसरं माझ्या. प्रत्येक सागाचा घेर छातीच्या उंचीवर मोजला, झाडावर चुन्यानं नंबर टाकला. वाकडे, किडके, एकमेकांच्या डोक्यावर आलेले साग आधी काढायचे म्हणजे राहिलेल्यांना जागा आणि पाणी मिळतं, हे मी समजावून सांगितलं. बाईंनी यादी त्यांच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिली. दुपारी त्यांनी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली, जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना केली, आणि मला म्हणाल्या, "यांनी झाडं लावली, पण पुढं काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कुणीतरी सांगणारं भेटलं, बरं झालं."

चिंच त्या दिवशी राहिली. ऊन फार झालं होतं. पुढच्या खेपेला बघू म्हटलं.

पुढची खेप दोन आठवड्यांनी आली, आणि त्याच दिवशी मला दुपारी चारला तिसगावला पोचायचं होतं. तिथल्या एका मोठ्या बागायतदाराला बऱ्याच एकरांवर झाडांची लागवड करायची होती आणि त्याला कायमचा सल्लागार हवा होता. असं काम मला तोवर मिळालं नव्हतं. मी नवीन शर्ट घातला होता. सोनईचं काम तासाभरात उरकून मिरीमार्गे निघायचं, असा हिशेब डोक्यात होता.

बाई आणि वाटेकरी चिंचेखाली माझी वाट बघत होते. झाड खरोखर मोठं होतं. दोन माणसांनी हात धरले तरी घेरात मावलं नसतं. रस्त्याच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर एक ढोली होती, तिच्या कडा काळ्या पडलेल्या, आतून मुंग्यांची रांग चाललेली. वर एक जाड फांदी वाळली होती. एस.टी.ची वाट बघणारी माणसं त्याच सावलीत उभी राहत.

बाईंनी त्यांचं म्हणणं स्वच्छ मांडलं. "हे धडधाकट असेल तर मला तोडायचं नाही. पण आतून पोखरलेलं असेल तर माणसांच्या डोक्यावर पडायच्या आधी काढलेलं बरं. तुम्ही ठरवा."

मी ढोलीत हात घातला. हात मनगटापर्यंत गेला आणि कशाला तरी टेकला. मी वर वाळक्या फांदीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. जुन्या चिंचा बहुतेक पोकळच निघतात, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं.

"पोकळ आहे, बाई," मी म्हणालो.

बाईंनी वही उघडली. मग म्हणाल्या, "वाजवून बघताय ना? त्या दिवशी तुम्ही सांगितलं होतं."

वाटेकऱ्यानं तर कुऱ्हाड आणूनच ठेवली होती. बुंध्याला टेकवून ठेवलेली ती कुऱ्हाड माझ्यापासून दोन हातांवर होती. गिरमिट माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं.

मी हसलो. "ते नवख्यांसाठी असतं, बाई. इतकी वर्षं झाली, आता डोळ्यांनाच कळतं."

त्या हसल्या नाहीत, पण मान हलवली. "तुम्हाला कळतं तेच खरं. आम्हाला काय दिसतंय?" आणि त्यांनी वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

पाच मिनिटांत मी मोटरसायकलवर होतो. तिसगावला चारला दहा कमी असताना पोचलो. बागायतदार झोपले होते. त्यांच्या पडवीत मी तास-दीड तास बसून राहिलो. उठल्यावर त्यांनी चहा दिला, इकडचं तिकडचं विचारलं आणि "बघू, कळवतो" म्हणाले. त्यांनी कधीच कळवलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती नुसती चूक होती. पण परवानगीच्या अर्जाला जोडायला मला अहवाल लिहून द्यायचा होता. माझा एक ठरलेला नमुना आहे. त्यात झाडाची जात, घेर, अंदाजे उंची, खोडाची स्थिती असे रकाने आहेत. खोडाच्या स्थितीपुढे मी लिहिलं, 'बुंधा आतून पोकळ. ठोकून व छिद्र पाडून तपासले.' लिहिताना माझा हात थांबला नाही. नेहमी तेच लिहितो, म्हणून ते लिहिलं गेलं, असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. 'तपासले' हा शब्द लिहिताना बाईंचा "वाजवून बघताय ना?" हा प्रश्न माझ्या कानात होता. तरी मी लिहिला, आणि खाली सही केली.

परवानगी रीतसर आली. एका व्यापाऱ्यानं ती चिंच जळाऊ लाकडाच्या भावानं घेतली, कारण पोकळ झाडाला दुसरा भाव नसतो. व्यापारी मीच सुचवला होता. आधीही दोन-तीन ठिकाणी त्याच्याशी काम पडलं होतं, माणूस वेळेवर यायचा.

तोडीच्या दिवशी मी हजर होतो. बाई घरातच होत्या. "मला नाही बघवणार, तुम्ही आहात ना तिथं," असं सकाळीच म्हणाल्या होत्या. दोन माणसं कटर मशीन घेऊन आली. आधी फांद्या उतरवल्या, मग बुंध्याला हात घातला. मशीन आत गेलं आणि दोन-चार मिनिटांतच त्याचा आवाज जड झाला. पोकळ झाडात मशीन मधेच सुटल्यासारखं होतं, आवाज हलका होतो. मी त्या हलक्या आवाजाची वाट बघत राहिलो. तो आला नाही. चालवणाऱ्यानं दोनदा मशीन बाहेर काढलं, साखळीला धार लावली, पुन्हा आत घातलं. भुसा आधी फिकट पडत होता, मग तो गडद झाला, जांभळट तपकिरी. तो बघितल्यावर मला सगळं कळलं. झाड अजून उभं होतं. मी तेव्हा थांबा म्हणू शकलो नसतो, अर्ध्याहून जास्त चिरलं गेलं होतं. पण मी तसं म्हणण्याचा विचारसुद्धा केला नाही. माझ्या मनात एकच गोष्ट होती, की बाई घराबाहेर येऊ नयेत.

झाड पडलं. धूळ बसल्यावर वाटेकरी बुंध्याजवळ गेला. कापलेल्या तोंडावर त्यानं तळहात फिरवला. ढोली एका कडेला वीतभर आत जाऊन संपली होती. बाकी सगळा गाभा एकसंध, काळपट, तेल लावल्यासारखा.

"सायेब," तो म्हणाला, "ह्ये तर ठनठनीत हाय."

"वरच्या अंगाला पोकळ असेल," मी म्हणालो.

त्यांनी वरचं अंग कापलं. तिथंही काही नव्हतं. वाटेकरी माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, त्याला नुसतं समजत नव्हतं. "मंग पोकळ कुटं व्हतं?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "खाली राहिलेल्या खोडावर माती ओढून घे. उघडं राहिलं तर वाळवी लागेल आणि ती सागाला जाईल."

असं काही नसतं. ते मी तिथल्या तिथे रचलं. तो बिचारा फावडं घेऊन आला आणि त्यानं माती ओढली. मी उभा राहून बघितलं, आणि एका कोपऱ्यात गाभा दिसत होता तो बोटानं दाखवून म्हणालो, "इथंही टाक."

ट्रॅक्टर लाकूड घेऊन गेल्यावर बाई आल्या. त्या मातीच्या ढिगाजवळ उभ्या राहिल्या. रस्त्यावर एकदम खूप उजेड पडला होता.

"पोकळ निघालं का?" त्यांनी विचारलं.

"बराचसा भाग," मी म्हणालो.

वाटेकरी तिथंच होता. त्यानं मान खाली घातली आणि फावड्याची माती झटकत राहिला. त्याच्यासमोर मी खोटं बोललो आणि त्याला त्यात ओढलं, याची लाज मला इतर कशाहून जास्त वाटते. तो बाईंकडे बारा वर्षं कामाला होता.

महिन्याभरानं तो व्यापारी माझ्या घरी केडगावला आला. बरोबर टेम्पोत एक फळी होती. चांगली चार बोटं जाड, रंधा मारून, पॉलिश करून आणलेली. गडद रंग बघून मी लगेच ओळखलं. त्यानं ती ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवली आणि खुर्चीत बसला.

"सायेब, मानलं तुम्हाला," तो म्हणाला. "लाकडी घाण्यावाल्यानं सगळा बुंधा उचलला. तेलाच्या घान्याला चिंचेसारखं लाकूड न्हाई. तुमी ते पोकळ लिहून दिलं, त्यो कागूद मी जपून ठेवलाय बरं का." आणि तो हसला. "पुढं असं काई आसलं तर सांगत जावा. तुमचं वेगळं बघू."

तो काय समजतोय ते माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्याला वाटत होतं, मी जाणूनबुजून केलं. त्याच्यासाठी केलं.

मी एक वाक्य बोलायला हवं होतं. माझी चूक झाली, मी झाड तपासलंच नाही. तेवढं बोललो असतो तर तो माणूस उठून गेला असता, फार तर माझ्यावर हसला असता. मी बोललो नाही. मी चहा मागवला. त्या अर्ध्या तासात माझ्याबद्दल मला जे कळलं ते अजून पचलेलं नाही. लबाड म्हणवून घेणं मला चाललं, अडाणी म्हणवून घेणं चाललं नसतं. लबाड माणसाला निदान झाडातलं कळतं, असा काहीतरी विचार माझ्या मनात होता.

बायकोनं विचारलं, फळी कुणी दिली. "एका गिऱ्हाईकानं," मी म्हणालो. तिनं ती स्वयंपाकघरात मांडणीसारखी बसवून घेतली. तिला ती फार आवडली. "किती जड आहे," ती म्हणाली, "आणि एक चीर नाही."

मग फोन यायला लागले. बाईंच्या मंडळीतले, म्हणजे त्यांच्या चर्चमधले, जमीन असलेले दोघं-तिघं. नंतर त्यांच्या ओळखीचे आणखी. बाईंनी माझं नाव सांगितलं होतं. प्रत्येकजण बोलता बोलता एक गोष्ट हमखास विचारायचा. "बाईंनी विचारायला सांगितलंय, तुम्ही झाड वाजवून बघता ना?"

"बघतो," मी म्हणायचो. आणि बघायचोही. त्या माणसांच्या रानात मी सागाच्या पोरसवदा झाडांनासुद्धा ठोके मारले. ते कौतुकानं बघत राहायचे. नाताळात बाईंनी त्यांच्यापैकी एकाबरोबर करंज्या पाठवल्या. डबा स्टीलचा होता, परत द्यायला हवा होता. तो डबा द्यायला जाणं मी चार महिने टाळलं.

शेवटी एप्रिलमधल्या एका रविवारी गेलो. मनाची तयारी वगैरे काही केली नव्हती. आदल्या दिवशी नेवाशाकडच्या एका शेतकऱ्यानं मला विचारलं, "तुम्ही कधी चुकता का हो?" आणि मी "फारसा नाही" म्हणालो. सकाळी मांडणीची फळी काढली, बायको बघत राहिली, मोटरसायकलच्या मागं बांधली आणि निघालो.

बाई उपासनेहून नुकत्याच आल्या होत्या, पांढरी साडी, हातात बायबलची पिशवी. वाटेकरी गोठ्याशी होता. मी डबा दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि मागं बांधलेल्या फळीकडे पाहिलं.

"बाई," मी म्हणालो, "ती चिंच पोकळ नव्हती."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसलो नाही. तोडीच्या दिवशीच संध्याकाळी वाटेकऱ्यानं त्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः माती सारून खोड पाहिलं होतं.

"मग तुम्ही मला काही बोलला नाहीत?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं. शाळेत मी असंच करायचे. काच कुणी फोडली ते मला ठाऊक असायचं, तरी दोन दिवस थांबायचे. तुम्ही जरा जास्त दिवस घेतलेत." मग त्या खुर्चीत टेकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "व्यापाऱ्यानं किती दिले होते?"

मला वाटलं होतं की मी सगळ्याला तयार आहे. याला नव्हतो.

"काही नाही, बाई. मी पैसे घेतले नाहीत. ही फळी नंतर आली, तीही मी मागितली नव्हती. मी झाड तपासलंच नाही. मला तिसगावला जायचं होतं. उशीर होत होता."

मला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. शेवटी पैसे खाण्यापेक्षा हे कमीच, असं मला आतून वाटत होतं.

"उशीर," त्या म्हणाल्या.

"हो."

"कुऱ्हाड तिथंच होती."

"हो."

त्यांनी पुन्हा फळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला पैसे घेतल्याबद्दल माफ केलं होतं. मला सोपं नाही गेलं, पण केलं. म्हटलं, घरात आजारपण असेल, पोरांची फी असेल, माणसाला गरज पडते. माणूस शिकलेला आहे, पुन्हा करणार नाही, म्हणून चार लोकांना तुमचं नाव सांगितलं. वाजवून बघायला सांगा म्हणून बजावलंही, म्हणजे तुम्हाला कळेल की मला कळलंय. आता तुम्ही म्हणता, गरज नव्हती. नुसती घाई होती." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "याला मला वेळ लागेल."

मी काहीतरी बोलायला लागलो, पण त्यांनी हात वर केला, वर्गात करत असतील तसा.

"तुम्ही खोटं कागदावर लिहिलंय. ते कागदावरच दुरुस्त करा."

त्यांनी त्यांची वही आणली. तीच, बैठकीतली. एक कोरं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. मी लिहिलं की अमुक गटातलं चिंचेचं झाड मी घाईमुळे न तपासता पोकळ ठरवलं, ते भरीव निघालं, आधीचा अहवाल चुकीचा आहे. त्यांनी ते वाचलं आणि पेन्सिलीनं एक शब्द खोडला.

"'घाईमुळे' नको," त्या म्हणाल्या. "'तपासले नाही' एवढंच लिहा. आणि 'चुकीचा' नाही. 'खोटा'."

मी पुन्हा लिहिलं आणि सही केली. वाटेकऱ्याला बोलावून त्यांनी साक्षीदार म्हणून त्याची सही घेतली. तो माझ्याकडे न बघता सावकाश नाव लिहीत होता. मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी तुला माती ओढायला लावली, चुकलं माझं." तो म्हणाला, "जाऊ द्या, सायेब," पण ते नुसतं बोलायचं म्हणून.

फळी मी त्यांच्या दारात ठेवायला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "ती मला नको. रोज कोण बघणार तिच्याकडं?" मी ती परत बांधली. तिथून सरळ व्यापाऱ्याच्या वखारीत गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून हसला, डोळा मारला, म्हणाला, "आसंच म्हनायचं असतं, सायेब." त्याला ते कधीच पटलं नाही. फळीही त्यानं घेतली नाही. त्याच्याबरोबर मी पुन्हा काम केलं नाही, एवढंच मला करता आलं.

लाकडाच्या दोन भावांत जो फरक होता तो मी माझ्या खिशातून बाईंना नेऊन दिला. त्यांनी तो घेतला. त्या नको म्हणतील, अशी मी कुठंतरी आशा धरली होती. ते मला त्यांनी पाकीट कपाटात ठेवल्यावर कळलं, आणि त्याचीही लाज वाटली. दुरुस्त केलेल्या अहवालाची एक प्रत मी स्वतः परवानगीच्या कार्यालयात नेऊन दिली. त्यावर मला खुलासा लिहून द्यावा लागला. तोही मी 'तपासले नाही' एवढ्याच शब्दांत दिला.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे मी त्या दिवशी एक चीर नाही म्हणाले, तेव्हा तुम्ही गप्प बसलात?" फळी आता माळ्यावर आहे.

बैठकांत मी अजून बोलतो. त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत मी ही गोष्ट सांगितली, पण "एका सल्लागारानं असं केलं" म्हणून सांगितली. लोक चुकचुकले. एकजण म्हणाला, "असल्या माणसाला उभं करू नये दारात." मी मान डोलावली. मोटरसायकलवर घरी येईपर्यंत ते मान डोलावणं माझ्या डोळ्यापुढून हलेना. पुढच्या वेळी राहुरीकडे मी 'मी' म्हणून सांगितली. बैठक संपल्यावर नेहमी मला घेरणारी माणसं त्या दिवशी लवकर पांगली. दोघांनी मात्र थांबून फोन नंबर घेतला. सोनईच्या बाजूला मी ती अजून सांगितलेली नाही.

या वर्षी पावसाळा सरल्यावर वाटेकऱ्याचा फोन आला. तोच आपण होऊन करतो कधीमधी. बाईंनी सागाची विरळणी करून घेतली, असं त्यानं सांगितलं. त्यासाठी संगमनेरकडचा दुसरा माणूस बोलावला होता. तीन दिवस होता, झाडन् झाड फिरला.

"पन सायेब," तो म्हणाला, "त्यानं जी काढायला सांगितली ना, ती समदी तुमच्याच यादीतली निगाली. बाईंनी वही काडून ताडून बघितली."

मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, निदान तेवढं तरी. मग विचारलं, "बाई काही म्हणाल्या?"

"न्हाई," तो म्हणाला. "वही मिटून ठिवली."

मग त्यानं या वर्षी कांद्याला काय भाव मिळाला ते सांगितलं, मी पावसाचं विचारलं, आणि आम्ही फोन ठेवला.